आईची किडनी आणि माझी सही

किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाला औषधाच्या वैद्यकीय चाचणीत सहभागी होता का, असे विचारले जाते तेव्हा त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की ज्या शरीरावर चाचणी व्हायची ते सर्वस्वी त्याचे आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण माझ्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूला गेली काही वर्षे जी किडनी काम करते आहे ती माझ्या आईने दिलेली आहे, आणि रावेर तालुक्यातील आमच्या घरात त्या कागदांवर जी चर्चा झाली ती माझ्याविषयी कमी आणि त्या किडनीविषयी अधिक होती. चाचणीत मी काय विचारले, कशाला होकार दिला, कशाला नाही म्हटले आणि मध्येच आजारी पडल्यावर काय झाले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या भागातील प्रत्यारोपण झालेल्या ओळखीच्या एकदोघांनाही आता असे विचारले जाऊ लागले आहे.

मी केळी उत्पादक शेतकरी आहे. बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर नोकरी न धरता घरच्या केळीत उतरलो आणि तिशी ओलांडल्यावर, बराच काळ लक्षात न आलेल्या रक्तदाबामुळे, दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. डायलिसिससाठी जळगावला जावे लागे. त्या काळात पोटॅशियम वाढू नये म्हणून केळे पूर्ण वर्ज्य होते. ज्याच्या मळ्यातून केळीचे ट्रक उत्तर भारतात जातात त्याने हे पथ्य पाळायचे, यावर गावात बरेच विनोद झाले. पुढे २०१७ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात प्रत्यारोपण झाले. आईचा रक्तगट जुळला, आणि आई ही १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळची नातेवाईक असल्याने परवानगीची वाट त्या मानाने सोपी होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तेव्हा प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत मदत मिळे. उरलेला खर्च आम्ही शेताचा एक तुकडा विकून भागवला.

प्रत्यारोपणाने आजार संपत नाही, तो औषधांच्या वेळापत्रकात जाऊन बसतो. शरीर नवी किडनी परकी म्हणून ओळखते आणि तिच्यावर चाल करू पाहते; ते थोपवण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी औषधे किडनी चालेल तोवर घ्यावी लागतात. यांपैकी टॅक्रोलिमस हे जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळाले, ही गोष्ट मातीत राबणारा माणूस म्हणून मला नेहमी आवडते. औषध गुणकारी खरे, पण त्याची मात्रा फार काटेकोर असते. रक्तात ते कमी पडले तर शरीर किडनी नाकारू लागते, आणि जास्त झाले तर हेच औषध किडनीला इजा करते, हात कापतात, रक्तातील साखर आणि पोटॅशियम वाढते. म्हणून पुढची मात्रा घेण्याच्या अगदी आधी रक्त देऊन त्याची पातळी मोजतात, जिला आम्ही सगळे नुसते ‘लेव्हल’ म्हणतो. नेहमीचे टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायचे असते, म्हणजे माझ्या बाबतीत सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आमच्याकडे शेतीपंपांना आठवड्यातील काही दिवस रात्रीची वीज मिळते, आणि पाणी धरायला मळ्यात गेलेल्या माणसाची रात्री नऊची गोळी ठरल्या वेळी पोटात जाणे किती अवघड असते, हे ज्याने रात्रीची पाळी केली आहे त्याला सांगायला नको.

चाचणी नेमकी याच प्रश्नावर होती. प्रत्यारोपणाला काही वर्षे झालेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांचे दोन गट करायचे. एका गटाने नेहमीप्रमाणे दोनदा टॅक्रोलिमस घ्यायचे आणि दुसऱ्याने तेच औषध हळूहळू विरघळणाऱ्या कॅप्सूलच्या रूपात दिवसातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी घ्यायचे. वर्षभर दोन्ही गटांची लेव्हल किती वरखाली होते, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, कसे राहते, लघवीतून प्रथिने जातात का, दात्याच्या ऊतकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात का, हे पाहायचे. औषध नवे नव्हते. एकदाच घेण्याचा हा प्रकार परदेशात आधीपासून वापरात होता. त्यामुळे नवा रेणू माणसात प्रथमच तपासण्यात जो धोका असतो तो येथे नव्हता, आणि हे मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगण्यात आले.

तरीही पहिली अडचण धोक्याची नव्हती, भिडेची होती. ज्या डॉक्टरांनी आपल्याला डायलिसिसच्या खुर्चीतून उठवले त्यांनी समोर कागद ठेवल्यावर नाही कसे म्हणायचे? माहितीपत्रकात छापलेले असते की नकार दिल्याने तुमच्या उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही, आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न सांगता बाहेर पडता येईल. छापलेले वाचून भीड जात नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र एक चांगली गोष्ट केली: विषय काढून दिल्यावर ते स्वतः बाजूला झाले आणि पुढचे सर्व बोलणे चाचणीच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी केले. त्यांनीही त्या दिवशी सही घेतली नाही. कागद घरी न्या, घरच्यांना दाखवा, जळगावच्या डॉक्टरांना विचारा आणि पुढच्या तपासणीला आल्यावर सांगा, असे म्हणून त्यांनी मला वाटेला लावले. ज्याला तिथल्या तिथे सही करायला सांगितले जाईल त्याने कागद परत द्यावेत, असे माझे आजही मत आहे.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. पारावर चर्चा अशी की मुंबईचे डॉक्टर पाटलाच्या पोरावर उंदरासारखा प्रयोग करणार आहेत. हा संशय निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आमच्यापासून इंदूर दूर नाही, आणि तेथील स्वास्थ्य अधिकार मंचाने औषध चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांचे सविस्तर नियम लागू झाले. आज एखादी चाचणी सुरू होण्यापूर्वी ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये नोंदवावी लागते. ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. माझ्या पुतण्याने माहितीपत्रकावरील क्रमांक मोबाइलवर टाकून चाचणीचा उद्देश, प्रायोजक कंपनी, केंद्रे आणि सहभागींची अपेक्षित संख्या घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कागदावर नैतिकता समितीच्या सचिवांचा दूरध्वनी क्रमांकही होता. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा एक माणूस आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिकही असावा लागतो. मी त्या क्रमांकावर फोन करून पाहिला. उचलणाऱ्या बाईंनी चाचणीला समितीची मंजुरी असल्याचे सांगितले आणि माझे नाव विचारले नाही, याचे मला बरे वाटले.

चिठ्ठी टाकावी तसे गट पाडणार, हे ऐकून पत्नी अस्वस्थ झाली होती, पण मला त्यात काही खटकले नाही. कृषी महाविद्यालयात आरबीडी, म्हणजे यादृच्छिक गट रचना, आम्ही प्रत्यक्ष शेतात आखून शिकलो होतो. कोणत्या वाफ्याला कोणते खत हे माणसाने ठरवले तर तो नकळत चांगली जमीन आवडत्या खताला देतो, म्हणून ते नशिबावर सोडायचे. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ही रीत बसवली, आणि १९४८ मध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी प्रसिद्ध चाचणी छापून आली तिच्यानंतर ती वैद्यकात रुळली. अर्थात केळीच्या वाफ्यात मुळांची स्थिती पाहायची असली तर रोप उपटता येते, आणि हाच फरक पुढे आमच्या घरात कळीचा ठरला. मी डॉक्टरांना एवढेच विचारले की कोण कोणत्या गटात आहे हे झाकून का ठेवत नाही. त्यांचे उत्तर असे की एकदा आणि दोनदा घेण्यातला फरक लपवायचा तर सर्वांना खोट्या कॅप्सूलही द्याव्या लागतील, आणि मग गोळ्यांचा त्रास कमी होतो का हा मूळ प्रश्नच निरर्थक होईल. मात्र रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेला आणि बायोप्सी वाचणाऱ्या तज्ज्ञाला गट सांगितला जाणार नाही. हे उत्तर मला पटले.

सहभागी व्हावे असे मला का वाटले, हेही सांगितले पाहिजे. मी आज जे औषध ज्या मात्रेत घेतो ती मात्रा कोणी आकाशातून काढलेली नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्फनी नावाच्या चाचणीत १,६४५ प्रत्यारोपित रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली आणि कमी मात्रेतील टॅक्रोलिमससोबत मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही पद्धत सरस ठरली. त्या माणसांनी सह्या केल्या म्हणून माझी मात्रा ठरली. याउलट कोविडच्या काळात लसींच्या मुख्य चाचण्यांतून आमच्यासारख्यांना वगळले गेले होते, आणि नंतर अमेरिकेतील पाहणीत असे दिसले की दोन मात्रा घेऊनही अवयव प्रत्यारोपण झालेल्या जवळजवळ निम्म्या लोकांत प्रतिपिंडे तयारच झाली नव्हती. तोवर आम्ही आणि आमचे डॉक्टर अंदाजानेच चालत होतो. आम्हाला वगळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आम्हाला लावायचे, हे मला तेव्हापासून सलत होते.

यात पैशाचा भागही होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांवर दरमहा काही हजार रुपये जातात आणि केळीचा भाव पडलेल्या वर्षी ते जाणवतात. चाचणीच्या काळात टॅक्रोलिमस, सर्व तपासण्या आणि येण्याजाण्याचे भाडे प्रायोजकाकडून मिळणार होते. मॅडमनी आपणहून सांगितले की वर्ष संपल्यावर औषध मोफत मिळत राहणार नाही. तशी तरतूद नियमांत आहे, पण दुसरा उपाय उपलब्ध नसलेल्यांसाठी, आणि माझ्याकडे जुना उपाय होताच. वर्षभराची बचत हे कारण असेल तर मोजून पाहा, असे त्या म्हणाल्या. मी मोजले, रक्कम छोटी नव्हती, पण फक्त तिच्यासाठी किडनी पणाला लावावी इतकी मोठीही नव्हती.

आता घरचे. संध्याकाळी ओट्यावर बसून मी माहितीपत्रकाचे एकेक पान आईला आमच्या बोलीत सांगत गेलो. तिने पहिल्यापासून एकच धोशा लावला: “तुले दिली ते तुझी झाली. मले काय इचारतो?” दाता म्हणून तिची भूमिका उदार होती, आणि कायदाही हेच म्हणतो, एकदा दिलेल्या अवयवावर दात्याचा हक्क राहत नाही. पण मी बायोप्सीच्या पानावर आलो तेव्हा ती सावरून बसली. चाचणीला एक उपअभ्यास जोडलेला होता, ज्यासाठी वेगळी संमती लागणार होती. वर्षाच्या शेवटी किडनी उत्तम चालत असली तरीही सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घालून तिचा सुतासारखा बारीक तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. याचे कारण खरे आहे: किडनी आतून नाकारली जात असताना क्रिएटिनिन बरेच दिवस जागचे हलत नाही, आणि ही दबलेली प्रक्रिया बायोप्सीशिवाय दिसत नाही. धोकेही स्पष्ट लिहिलेले होते, की लघवीतून रक्त जाऊ शकते, क्वचित रक्तस्राव इतका होतो की रक्त द्यावे लागते, आणि फार विरळ प्रसंगी किडनी गमवावी लागते.

आई म्हणाली, “चांगल्या चालत्या किडनीले सुई कायले टोचता?”

मी तिला शास्त्रीय उत्तर दिले, ते तिला समजलेही. तिचे म्हणणे एवढेच होते की औषध बदलून पाहणे आणि सुई टोचणे या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नयेत. मी दोन दिवस विचार केला. उपअभ्यासाचे मोल मला आईपेक्षा जास्त कळत होते, आणि एरवी मी कदाचित होकारही दिला असता. परंतु त्या सुईने जर काही बिघडलेच, तर माझ्या आयुष्यातील काही वर्षांबरोबर आईने साठीच्या उंबरठ्यावर जे ऑपरेशन सोसले तेही वाया जाणार होते, आणि ती नुकसानी कोणत्याच कागदावर कुठल्याच रकान्यात येत नव्हती. मुख्य चाचणीला होकार आणि बायोप्सीला नकार, असे मी ठरवले. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि उपअभ्यासाच्या कागदावर ‘सहमती नाही’ असे माझ्या हाताने लिहून घेतले. त्यांचा चेहरा बदलला नाही.

ती नुकसानी कागदावर कशी येत नाही, हे संमतीपत्र भरताना अधिक स्पष्ट झाले. त्यात शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न लिहावे लागते, आणि वारसदाराचे नाव व नाते द्यावे लागते, म्हणजे चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची ते ठरते. मी पत्नीचे नाव लिहिले. दोन मुले लहान आहेत, दुसरा पर्याय नव्हता. भरपाईचे सूत्र मी मागून घेतले. आठ लाख ही मूळ रक्कम, तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने आणि जोखमीच्या आकड्याने गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. जोखमीचा आकडा ०.५ पासून ४ पर्यंत असतो: निरोगी माणसाला ४, आणि जो सहा महिन्यांपलीकडे जगण्याची आशा नाही त्याला ०.५. आधीच आजारी असलेल्याच्या जिवाची किंमत कमी धरण्यामागचा हिशेब मला कळतो, पण परक्या किडनीवर धडधाकट फिरणारा माणूस या पट्टीवर कुठे बसतो, असे मी विचारले तेव्हा ते ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे असे उत्तर मिळाले. कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या टक्केवारीनुसार रक्कम मिळते. दात्याचा उल्लेख या सर्व व्यवस्थेत कोठेही नाही.

त्याच दिवशी धडगावकडचे एक पावरा आदिवासी गृहस्थ संमतीसाठी आले होते. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे नियमाप्रमाणे चाचणीशी संबंध नसलेल्या एका साक्षीदारासमोर सर्व माहिती वाचून दाखवून अंगठा घ्यायचा होता. साक्षीदार म्हणून रुग्णालयातीलच एक समाजसेविका बसल्या. त्या गृहस्थांना किडनी देणारी त्यांची बायको त्या वेळी बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसली होती. आपल्या देशात जिवंत दात्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुषांची. प्रत्यारोपणाच्या बाह्यरुग्ण विभागातले बाक पाहिले तरी ते कळते. संमतीच्या खोलीत बसलेले पुरुष आणि बाहेर थांबलेल्या बायका, अशी ती विभागणी होती, आणि यात कोणी नियम मोडत नव्हते.

प्राथमिक तपासण्या लवकर आटोपल्या आणि संगणकाने मला दिवसातून एकदा औषध घेणाऱ्या गटात टाकले. प्रत्येक पानावर सही असलेली संमतीपत्राची प्रत मला मिळाली, आणि पाकिटात ठेवायचे एक कार्डही मिळाले. त्यावर मी कोणत्या चाचणीत आहे, कोणती औषधे घेतो, वेदनाशामके का टाळायची आणि चोवीस तास चालणारा फोन क्रमांक कोणता, हे इंग्रजी व मराठीत छापलेले होते. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या कॅप्सूल प्रत्येक भेटीला परत न्यायच्या, त्या मोजल्या जात. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळची कॅप्सूल खिशात तशीच ठेवायची, रुग्णालयात आधी रक्त द्यायचे आणि मग ती गिळायची. रेल्वे उशिरा आली की मॅडमचा फोन येई, कारण आदल्या दिवशीच्या मात्रेपासून चोवीस तास पूर्ण झालेल्या घटकेला रक्त घेतले तरच त्या आकड्याला अर्थ असतो.

दिवसाची एकूण मात्रा तीच ठेवून औषध बदलल्यावर माझी लेव्हल उतरली. आधी ती ६ च्या आसपास असे, ती ४.१ झाली. अशी थोडी घट काही जणांत होते आणि मात्रा वाढवावी लागते, हे पत्रकात आधीच लिहिलेले असूनही तो आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. चाचणीत नसतो तर हे झालेच नसते, हा विचार टाळता येत नव्हता. उलट चाचणीत असल्यामुळे रक्त लगेच तपासले गेले आणि मात्रा वाढवून पुढच्या खेपेला लेव्हल जागेवर आली, हेही तितकेच खरे. क्रिएटिनिन १.२ वर स्थिर राहिले. आईला मी लेव्हलचा आकडा तेव्हा सांगितला नाही, क्रिएटिनिनचा सांगितला. रात्रीची गोळी बंद झाल्याने मात्र खरोखर सुटल्यासारखे वाटले. पाण्याच्या पाळीला जाताना घड्याळाकडे पाहणे थांबले, आणि सायंकाळी कोणाकडे जेवायला गेलो तरी खिशात पट्टी न्यावी लागली नाही. सकाळी मात्र कॅप्सूल घेऊन तासभर चहाही घ्यायचा नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सोपे नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. तापमान पंचेचाळीस अंशांना टेकले होते, गावात जुलाबांची साथ होती आणि आमच्या गल्लीतील निम्मी घरे आजारी होती. मलाही जुलाब आणि ताप सुरू झाला. रावेरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तापासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन काढले होते, ते कार्ड वाचून त्यांनी बाजूला ठेवले आणि माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला. त्याच दुपारी मला जळगावला दाखल करून सलाइन सुरू करण्यात आले. क्रिएटिनिन १.८ झाले होते. लेव्हल तपासायला पाठवली, ती दुसऱ्या दिवशी १२.६ आली. जुलाबांत शरीरातील पाणी कमी होते म्हणून क्रिएटिनिन वाढते हे मला माहीत होते. नवीन कळले ते असे की आतड्याची भिंत एरवी टॅक्रोलिमसचा काही भाग वाटेतच मोडून टाकते, जुलाबांत तिची ही क्षमता घटते आणि म्हणून मात्रा तीच असूनही रक्तात औषध जास्त पोहोचते. औषधाची मात्रा तात्पुरती कमी करण्यात आली. क्रिएटिनिन दोन दिवसांत उतरले नाही तर बायोप्सी करावी लागेल, असे मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

आई उशाशी बसलेली होती. बायोप्सी हा शब्द तिने ओळखला. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “आता लागत असीन ते करा.” सुईला तिचा विरोध नव्हता, कारण नसलेल्या सुईला होता. क्रिएटिनिन आधी १.५ आणि मग १.३ वर आले, त्यामुळे ती वेळ आली नाही.

मला घरी जाऊन आराम करायचा होता, पण कागदांचे काम तेव्हा सुरू झाले. चाचणीच्या काळात रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर कारण काहीही असो, ती गंभीर घटना ठरते आणि तिची माहिती चोवीस तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेला, प्रायोजकाला आणि नैतिकता समितीला द्यावी लागते. सविस्तर अहवाल चौदा दिवसांत जातो. मॅडमनी प्रत्येक बिलाचे, प्रत्येक अहवालाचे छायाचित्र मागवले. कोणत्या दिवशी काय खाल्ले, गावात आणखी कोण आजारी होते, पाणी कुठले, इथपर्यंत विचारणा झाली. आजाराचा चाचणीतील औषधाशी संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला. संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंतचा उपचार मोफत मिळाला पाहिजे असे नियम सांगतो, त्यानुसार जळगावच्या बिलाचे पैसे परत मिळाले, पण ते मिळेपर्यंत कापणीचा हंगाम सरत आला होता. खिशात पैसे नसलेल्या सहभागीने मधल्या काळात काय करायचे, याचे उत्तर मला कोणी नीट दिले नाही.

वर्ष संपल्यावर अखेरच्या भेटीत उरलेल्या कॅप्सूल जमा झाल्या, आणि पुढे काय घ्यायचे हे मला ठरवायला सांगण्यात आले. मी दिवसातून एकदाच घेण्याचा प्रकार स्वतःच्या खर्चाने चालू ठेवला. सर्व केंद्रांचे निकाल एकत्र करून विश्लेषण व्हायचे आहे. माझ्या एकट्याच्या आकड्यांवरून काही ठरत नाही, हे मला आरबीडीच्या पहिल्या तासापासून माहीत आहे.

जाण्यापूर्वी मी नैतिकता समितीला एक पत्र लिहून दिले. ज्यांना जिवंत दात्याची किडनी मिळाली आहे त्यांच्या चाचण्यांत दात्यालाही माहिती देण्याची सोय असावी, अशी सूचना त्यात होती. डॉक्टरांनी ते वाचून एक हरकत घेतली, आणि ती वजनदार आहे. दात्याला प्रक्रियेत औपचारिक जागा दिली तर तो रुग्णावर दबाव आणू शकेल. मी दिली म्हणून तू माझे ऐक, असे म्हणणारे दाते त्यांनी पाहिले आहेत, आणि रुग्णाची वैद्यकीय माहिती त्याच्या इच्छेविरुद्ध घरात उघड होण्याची भीतीही त्यांना वाटत होती. आईने मला अडवले नव्हते, पण प्रत्येकाच्या घरी अशी आई असेल असे नाही. मी पत्र परत घेतले आणि मागणी कमी करून पुन्हा लिहिले: दात्याची संमती नको, सही नको, फक्त माहितीपत्रकात एक वाक्य असावे की रुग्णाची इच्छा असल्यास दात्याला सोबत आणता येईल आणि दात्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली जातील, आणि अशा भेटीचे भाडे रुग्णाच्या भाड्याबरोबर मिळावे. समितीच्या कार्यालयाने पत्राची पोच दिली असून विषय पुढील बैठकीत ठेवू असे कळवले आहे.